वळणावरचा फ्लेक्स

धुकं पडलं तसा रावजी उठून अंगणात आला. दिंडोरीकडून कळवणला जाणारा रस्ता गावाबाहेर एकदम डावीकडे वळतो, आणि जो वळत नाही तो सरळ बिनकठड्याच्या विहिरीत. वळणाआधीची पाटी इतकी वर्षं माणसांना वाचवत आली होती. आज त्या पाटीवर साक्षीचा फ्लेक्स होता.

साक्षी रावजीची नात. फौजदार झाली होती पोरगी, गावातली पहिलीच! आज सत्कार. सत्काराची तयारी बघणाऱ्या धनराजनं येऊन विचारलं होतं, "तात्या, वळणावरचा खांब मोक्याचा हाय. बांधू का?"

आता रावजीला कुणी हे विचारावं का! उभी हयात त्यानं बांधकाम खात्यात रस्त्याच्या पाट्या रंगवल्या. त्याच्या काळी लाल त्रिकोण वेगळा असायचा, खाली चौकोनी पाटी, आणि तिच्यावर वळणाचं चित्र तो हातानं काढायचा. पुढं चित्र त्रिकोणाच्या पोटात गेलं. मग रंगच गेला आणि गाडीचा उजेड पडला की लखलखणारा कागद आला. रावजीच्या ब्रशाचं काम संपलं, तरी तो त्या कागदावर खूश होता, कारण धुक्यातही ड्रायव्हरला वळण दिसायचं. पाटीवर वाढदिवसाचे फ्लेक्स बांधणाऱ्यांना त्यानं शिव्यांची लाखोली वाहिली होती. पण नातीचा फोटो म्हटल्यावर गडी विरघळला. "बांध की," म्हणाला. झालं!

आणि आज हे असं धुकं. द्राक्षाचा हंगाम, सुरगाण्याकडून मजुरांच्या गाड्या सकाळपासून सुरू. त्या ड्रायव्हरांना इथली विहीर काय ठाऊक?

रावजी कोयता घेऊन धावला. वळणावर धनराज आणि रावजीची सून लंकाबाई खांबाला हार घालत होते. कोयता बघून धनराजनं त्याचा हातच धरला आणि कोयता काढून घेतला.

"तात्या, डोकं फिरलं का? सत्काराच्या दिवशी पोरीच्या फोटोला कोयता लावता?"

"अरे, पुढं विहीर हाय!"

"मिरवणूक होऊ द्या. दुपारी मीच सोडतो."

"दुपारपर्यंत कोण मरंल ते मला सांग ना!"

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. "मामा, काय बोलता हे? चांगल्या दिवशी पोरीचं वाईट चिंतता?"

हे मात्र म्हाताऱ्याच्या काळजात घुसलं. तो धनराजच्या पाया पडला. अहो, खरंच पाया पडला, भर रस्त्यात. "लेका, चूक माझीच हाय. मीच हो म्हणालो. पण सोड ते, सोड." धनराज ओशाळून मागं सरला, पण कोयता काही देईना.

तेवढ्यात धुक्यात इंजिन घरघरलं. रावजी उठून रस्त्याच्या मधोमध पळाला, खांद्यावरचं उपरणं फिरवत, "डावीकडं! डावीकडं!" ब्रेक किंचाळले. मजूर बायकांनी भरलेली पिकअप त्याला हुकवून घसरत गेली आणि विहिरीच्या तोंडाशी थांबली. खडी आत पडल्याचा आवाज आला. बायकांनी हंबरडा फोडला. "मरायचंय का, म्हाताऱ्या?" ड्रायव्हर ओरडला, मग खाली वाकून त्यानं पुढचं चाक बघितलं आणि तिथंच मटकन बसला.

आवाज ऐकून साक्षी गावातून धावत आली. सत्काराची नवी साडी, केसांत गजरा. तिनं कुणाला काही विचारलं नाही. धनराजच्या हातातला कोयता घेतला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सपासप कापल्या. तिचा स्वतःचा हसरा चेहरा चिखलात पडला.

मागं नुसता खांब होता.

"पाटी कुठं हाय?" रावजीनं खांब चाचपला.

धनराजनं मान खाली घातली. "पत्रा पुढं येत होता, तात्या. फोटोला सुरकुती पडत होती. म्हणून काढला."

"काढला? कुठं ठेवला?"

"आचाऱ्याला दिला. भट्टीला वारा लागत होता, आडोसा पाहिजे होता."

पहाटेपासून भट्टी पेटलेली. तो लखलखणारा कागद एव्हाना जळून काळा ठिक्कर पडला असणार. रावजी रस्त्याच्या कडेला बसला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मीच केलं रे हे," तो म्हणत राहिला. "मीच केलं."

धुक्यात पुन्हा हॉर्न वाजला. रावजी उठायला गेला, पाय उठेनात. साक्षीनं पदर खोचला, मोबाइलचा उजेड लावला आणि खांबापाशी डांबरावर जाऊन उभी राहिली. उजेडाचा हात तिनं डावीकडे लांब केला.

"साक्षे, माघारी ये!"

"धुकं उठेपर्यंत नाही, आजोबा."

गावात सत्काराचा बँड वाजायला लागला. धुक्यातून दोन दिवे मोठे होत आले, तिच्या अगदी अंगावर आले आणि कसेबसे डावीकडे वळले. मागून तिसरा हॉर्न ऐकू आला. ज्या पोरीच्या फोटोसाठी रावजीनं पाटी झाकू दिली, तीच आता पाटीच्या जागी उभी होती, आणि रावजी बसल्या जागेवरून घसा फाटेपर्यंत ओरडत होता, "हळू! अरे हळू! माझी नात हाय तिथं!"