सात चिठ्ठ्यांचा चषक

सकाळचे ऊन या खोलीत घाईने येत नाही. आधी झरोक्याच्या काचेवरची धूळ उजळते, मग भिंतीतली खुंटी, मग दोरीवर वाळणारा टॉवेल. पाण्याच्या पिंपावर ते जरा रेंगाळते आणि सर्वांत शेवटी, आठवण झाल्यासारखे, फळीवर माझ्यापाशी येते. मित्रांनो, मी एक जुना पितळी चषक आहे. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा.

एका तांबटाने मला ठोकून घडवले. हंगाम संपला की आठ संघांचे आठ कप्तान एकेक चिठ्ठी लिहीत. आपल्याच संघातले नाव लिहायचे नाही, एवढाच नियम. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, त्याच्या घरी मी वर्षभर राही. अशी अकरा घरे मी पाहिली. एका घरी माझ्यात लिमलेटच्या गोळ्या भरल्या. दुसरीकडे दात येणाऱ्या बाळाने माझा कान मनसोक्त चावला.

बाराव्या वर्षी एका संघातून खेळणाऱ्या पोस्टमनने बावीस गोल केले. त्याच वर्षी पुस्तके बांधणारा बाइंडर, एके काळचा नामी खेळाडू, दुसऱ्याच सामन्यात छाती धरून खाली बसला, तो पुन्हा मैदानात उतरला नाही. प्रत्येक कप्तानाने मनाशी म्हटले, पोस्टमनला बाकीचे देतीलच. माझी एक चिठ्ठी त्या बिचाऱ्याला. बाइंडरचा स्वतःचा कप्तान तेवढा नियमाने अडला. सात चिठ्ठ्या बाइंडरच्या नावाच्या निघाल्या. पोस्टमनने सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

घरी बाइंडरने मला मांडीवर घेतले आणि थोरल्या बहिणीकडे पाहिले.

"ताई, बावीस गोल कुणी मारले गं?"

"पोस्टमनने. पण लोकांचं प्रेम आहे रे तुझ्यावर."

"प्रेम होतं तर मोसंबी आणायची! दुसऱ्याच्या ताटातलं उचलून मला कशाला वाढलं? हा त्याला नेऊन दे. देशील ना?"

"आधी बरा हो. मग दोघं जाऊ."

तो बरा झाला नाही. दोन महिन्यांत गेला. माझ्यावर कोरलेले त्याचे नाव ताई रोज बोटाने पुसून लख्ख ठेवू लागली, आणि मला नेऊन देणे तिला जमले नाही.

पोस्टमन पत्रे घेऊन येई, तेव्हा ती दार अडवून उभी राही. एकदा तिच्या खांद्यावरून त्याची नजर माझ्यावर पडली. ताईची मान खाली गेली.

"छान चमकतोय," तो म्हणाला. "राहू द्या हो, ताई. तुमच्याकडेच शोभतो."

पुढच्या हंगामात तो खेळला नाही. मला परत मागायला एकाही कप्तानाची जीभ रेटली नाही. तू जा, तू जा करता करता पुरस्कारच बंद पडला.

मित्रांनो, कुणाचे दुःख हलके करायचे असेल तर स्वतःच्या पदरचे द्या. दुसऱ्याच्या हक्काचे देऊ नका. ताईच्या बोटांची ऊब मला हवीहवीशी होती, म्हणून मी योग्य घरीच आहे असे इतकी वर्षे स्वतःला समजावत आलो. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू पोस्टमन होता.