पाण्याच्या दिवसाचा फोन

आमच्या घरात चार फोन आहेत आणि त्यातला एकही शहाणा नाही. पप्पांचा फोन कुणाचा कॉल आला ते नाव मोठ्यानं ओरडून सांगतो, आणि ते बंद कुठून करायचं ते कुणालाच सापडत नाही. त्यामुळं पप्पा बँकेच्या रांगेत उभे असले की अख्ख्या रांगेला कळतं, 'भांडकुदळ दूधवाला' बोलावतोय. मम्मीचा फोन शुभसकाळच्या फुलांनी गच्च भरलाय, त्यात आता एक फोटोही मावत नाही. पायलताईचा इतका तापतो की ती त्याला ओल्या रुमालावर निजवून अभ्यास करते. या तिघांना मी हसते. चौथ्याला मात्र मला हसवत नाही. चौथा आज्जीचा आहे, आणि आज्जी फेब्रुवारीत गेली.

फोन चालू ठेवलाय, कारण आमचा गॅस आज्जीच्या नावावर आहे आणि सिलिंडर त्याच नंबरवरून सांगावा लागतो. शुक्रवार पेठेत आम्ही खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो, वर घरमालकीण रत्नम्मा. जिन्याखाली पाण्याची मोटर, मोटरच्या वर बटणांचा बोर्ड, बोर्डाच्या वर फळी. फळीवर आज्जीचा फोन, कायम चार्जिंगला. त्याच्या वर आज्जीचा फोटो, कारण घरात तेवढाच एक खिळा रिकामा होता.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं. आज्जी होती तोवर मोटर तिची. ही मोटर हवा धरते, म्हणून आधी तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं, मग बटण दाबायचं, मग गच्चीवरची टाकी भरेपर्यंत तासभर शेजारी बसायचं. तो तास आज्जी टेंभुर्णीच्या मोठ्या काकांशी बोलायची. मोठे काका म्हणजे हिंदुराव, पप्पांचे थोरले भाऊ. आज्जीला वाचता येत नव्हतं, म्हणून ताईनं तिच्या फोनवर माणसांचे फोटोच लावून दिले होते. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागला. "ह्यो माझा हिंद्या," म्हणत ती बोट ठेवायची आणि मोटरच्या वरताण ओरडून बोलायची. ती गेली तीसुद्धा तिथंच, जिन्याच्या पायरीवर बसल्या बसल्या. फोन हातातून पडला, काच कोपऱ्यात तडकली. मोटर चालूच होती. टाकी भरून पाणी खाली ओघळायला लागलं, तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

मे महिन्यात एका पाण्याच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, मोठ्या काकांनी पप्पांना फोन केला. पप्पांच्या फोननं आधी 'दादा' म्हणून आरोळी ठोकली, आणि मग पलीकडून इतका बारीक आवाज आला की पप्पांनी स्पीकर लावला.

"उदय, आईचा फोन आलाय मला."

"कुणाच्या आईचा?"

"आपल्या आईचा. नाव आलं की रे, आई म्हणून. उचलला तर कुणी बोलंना. नुसती मोटर. लई वेळ मोटर."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी फळीकडं बघितलं. आज्जी गेल्यापासून मोटर माझ्याकडं होती, मी तिथंच बसले होते, आणि फोनला मी हात लावला नव्हता. मोटरच्या आवाजात त्याच्यातलं 'हॅलो'सुद्धा मला ऐकू आलं नव्हतं. स्क्रीन उजळलेली होती. मोठ्या काकांचा फोटो त्यावर मोठा होऊन आला होता, आणि खाली सेकंद मोजले जात होते. काकांकडं दोन फोन होते, आम्हाला त्यांनी दुसऱ्यावरून लावलं होतं. हा अजून त्यांच्या फोनला जोडलेलाच होता.

पाच दिवसांनी परत तेच. त्याच्या पुढच्या वेळेला परत.

आता मी काय अशी तशी मुलगी नाही. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे, ते खरं आहे. पण विज्ञान प्रदर्शनात माझ्या अर्थिंगच्या प्रयोगाला दुसरं बक्षीस मिळालं, माईकवर चार मिनिटं बोलले, आणि तेव्हापासून मला कळलं की आपल्याला माहीत असलेलं मोठ्यानं सांगितलं तर लोक ऐकतात. तेव्हा मी शोध लावला. आमच्या बोर्डाला अर्थिंग नाही. मोटर सुरू झाली की वीज हेलकावे खाते, चार्जिंग तुटतं, जुळतं, स्क्रीन उजळते. आणि तडकलेली काच कुणी बोट लावल्यासारखी आपोआप दाबली जाते. तडा नेमका मोठ्या काकांच्या फोटोवर आहे. संपलं.

मी हे पप्पांना वहीत आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर असंल तुझं," ते म्हणाले. "फक्त एक सांग. तडा दादाच्या फोटोवरच का गेला? माझाबी फोटो हाय की शेजारी."

मी आकृती परत एकदा तपासली. तेव्हापासून मोटरजवळ बसताना मी पाय वर घ्यायला लागले.

हे सगळं असंच चाललं असतं, पण जुलैत मोठे काका स्वतः आले, ताईसाठी स्थळ घेऊन. मुलगा टेंभुर्णीचाच, पृथ्वीराज नावाचा, घरचे तीन ट्रक. वाईट काहीच नव्हतं. पण ताईचं बी.एस्सी. झालं होतं, कोल्हापूरला एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं, आणि पुढच्या बुधवारपर्यंत तिथं हजर झालं नाही तर जागा जाणार होती.

"मी माझ्या मनाचं सांगत न्हाय," मोठे काका म्हणाले. "पहिला फोन आला ना आईचा, तवा मी त्याच पोराच्या घरी चहा पीत होतो. हातात कपबशी, आणि आईचा फोन. याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?"

"दादा, पोरीनं वर्षभर रात्रीचा दिवस केलाय," मम्मी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली.

"व्हय की. पण आईच्या पुढं मी न्हाय जाणार."

आमच्या मूळ गावी, वैरागच्या पुढं, कुठलंही मोठं काम काढलं की आज्जी देवाला कौल लावायची. देवाच्या अंगाला दोन बाजूंनी फुलं चिकटवायची आणि वाट बघायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. पप्पांनी तिथंच बसून वाट काढली. त्यांना भावाला दुखवायचं नव्हतं आणि ताईलाही. ते म्हणाले, "मग आईलाच विचारू. रविवारी फोनपुढं दिवा लावू. दिवा विझायच्या आत तुला फोन आला तर होकार. न्हाय आला तर पोरगी कोल्हापूरला."

काका लगेच हो म्हणाले. मी बोटांवर मोजलं. पाणी मंगळवारी येऊन गेलं होतं. रविवार म्हणजे पाण्याचा दिवस.

ताई गच्चीत टाकीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "तू रडू नको. चार्जरची पिन नखभर बाहेर ओढली की खेळ खलास. चार्जिंग नाही तर स्क्रीन उजळणार नाही, फोन लागणार नाही."

"आणि आज्जीला खरंच काही सांगायचं असलं तर?"

"ताई, तू केमिस्ट्रीवाली ना?"

"केमिस्ट्रीवालीच आहे," ताई म्हणाली. "तरी विचारतीय."

मी हसण्यावारी नेलं. पण खाली येताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आज्जीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. ताईच्या शिक्षणाबद्दल ती काय म्हणाली असती, ते मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

रविवारी साडेचारला रत्नम्मा वरून ओरडल्या, "संस्कृती, पाणी आलं बघ." सगळे जिन्यापाशी जमले. मी सगळ्यांच्या आधी जाऊन पिन बाहेर ओढली होती, वरून बघणाऱ्याला कळणार नाही इतकीच. मोठे काका पाटावर बसले, आपला फोन त्यांनी गुडघ्यापुढं ठेवला. मम्मीनं फळीवर दिवा ठेवला आणि बुधल्यातून तेल घातलं. माझं लक्ष होतं. ते तेल चमचाभरसुद्धा नव्हतं. मम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि बुधलं पदराआड घेतलं.

मी तांब्याभर पाणी ओतलं, बटण दाबलं. मोटर आधी खोकली, मग तिनं पाणी धरलं.

 मोटरचा आवाज भिंतीतून, पायरीतून, दातांतून येत होता. फोन काळा. दिव्याची ज्योत मोटरच्या हादऱ्यानं हलत होती आणि फोटोतल्या आज्जीच्या तोंडावर उजेड खालीवर होत होता, ती काही चावत असल्यासारखा. मी ताईचा हात धरला होता. 

दिवा बारीक व्हायला लागला तसे मोठे काका पुढं वाकले. "आई," ते म्हणाले, "बोल की. हितंच हाय मी."

आणि स्क्रीन उजळली.

फोन लागला नाही. आकडे नाहीत, काकांचा फोटो मोठा झाला नाही. नुसतीच उजळली, कुणीतरी डोळे उघडून बघावं तशी, आणि मिटली. मी पिनेकडं बघितलं. बाहेरच होती. हादऱ्यानं कधी कधी असं होत असेल. होत असेल की.

दिवा विझला.

"न्हाय म्हणाली," मोठे काका म्हणाले.

पप्पांनी खाली बघूनच मान हलवली. मम्मीनं डोळे पुसले. ताई आत पळाली. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या, पण काका पाटावरून उठतच नव्हते. आपला फोन हातात घेऊन ते तो उलटासुलटा करत बसले.

"मी सांगतो टेंभुर्णीत. आणि मंगळवारी मीच पोरीला सोडून येतो कोल्हापूरला. आईनं सांगितलंय म्हटल्यावर." मग म्हणाले, "आता फोन यायचा न्हाय मला. ह्येच विचारायला येत होती ती. झालं तिचं काम."

"असं काय दादा," पप्पा म्हणाले.

"न्हाय रे. पाचव्या दिवशी चार वाजले की मी गोठ्यातनं बाहेर येऊन बसायचो, रेंज यावी म्हणून. हे तुझ्या वहिनीला, पोराबाळांना कुणाला सांगितलं न्हाय." त्यांनी फोन खिशात टाकला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मोटर बंद कर पोरी. टाकी भरली असंल."

ताई गेली. मोठ्या काकांनीच सोडलं, तिची वळकटी स्वतः उचलून. खोली मिळाली, प्रवेश पक्का झाला, तिचा फोन तिथंही तापतोय, तिथंही तिनं ओला रुमाल केलाय. पिन मी तशीच बाहेर ठेवली. म्हटलं, आता मधेच फोन लागला तर काका परत म्हणायचे, आईनं मन बदललं. गॅस सांगायचा असला की मम्मी फोन तेवढ्यापुरता स्वयंपाकघरात लावायची आणि परत फळीवर आणून ठेवायची. एकदाही लागला नाही. माझं विज्ञान शंभर टक्के खरं ठरलं होतं, आणि मला पहिल्यांदाच बक्षीस नको वाटत होतं.

दोन पाण्याचे दिवस गेले. दोन्ही दिवशी साडेपाचच्या सुमाराला पप्पांचा फोन ओरडला, 'दादा'.

"उदय, पाणी आलंतं का रे?"

"आलंतं की."

"मोटर लावलीती?"

"लावली की. का?"

"काय न्हाय. इचारलं आपलं."

आणि फोन बंद. एवढंच. दोन्ही वेळेला एवढंच. दुसऱ्या वेळी पप्पा फोन हातात धरून कितीतरी वेळ बोर्डाकडं बघत राहिले. मी अभ्यासाचं पुस्तक उलटं धरलंय हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. मला वाटत होतं, मी आज्जीच्या तोंडावर हात दाबून धरलाय आणि तो काढायची मला भीती वाटतीय. अर्थिंगचा प्रयोग करणाऱ्या मुलीला हे शोभत नाही. तरी वाटत होतं.

काल तिसरा दिवस. चारलाच पाणी आलं. पप्पा कामावर, मम्मी भाजी आणायला गेलेली. मी फळीपुढं उभी राहिले. आज्जीचा फोटो, खाली फोन. पिन आत ढकलली. टक् असा आवाज झाला. मग तांब्याभर पाणी, मग बटण.

मोटर खोकली, धरली. जिन्यातला बल्ब मिणमिणला. स्क्रीन उजळली, थरथरली, मिटली, परत उजळली. मी हात पाठीमागं बांधून घेतले होते, म्हणजे उद्या मला स्वतःलाच शंका यायला नको. मोठ्या काकांचा फोटो मोठा झाला. घंटी एकदाच वाजली. पुरती वाजलीही नाही.

"आई?"

आज्जीचा स्पीकर कायम लावलेलाच असायचा. काकांचा आवाज जिन्याखाली भरून राहिला.

"मला वाटलं, आता न्हाय येत." मग बराच वेळ नुसता श्वास. "पोरीला सोडून आलो बघ. खोली चांगली हाय. खिडकीतनं झाड दिसतंय. मी तिला म्हटलं, तुझ्या आज्जीनं धाडलंय तुला, नीट शीक." परत श्वास. "म्हैस व्याली. तुझीच, पांढऱ्या कपाळाची. रेडकू झालं."

ते थांबले. उत्तराची वाट बघितल्यासारखे. माझ्या घशाशी शब्द आला होता, पण तो माझा होता, तिचा नव्हता. मी ओठ दाबून धरले. मोटर घरघरत होती.

"व्हय," काका म्हणाले, कुणी काही बोलल्यासारखं. "ऐकू येतंय."

वरून रत्नम्मांची हाक आली. "ए संस्कृती, टाकी भरली की. पाणी चाललंय वाया. बंद कर."

गच्चीच्या पन्हळीतून पाणी अंगणात पडायला लागलं होतं. पाचव्या दिवसाचं पाणी, फरशीवरून गटाराकडं निघालेलं. बटण माझ्या बोटाखाली होतं. मोटर थांबली असती तर फोन काही तुटला नसता, ते मला पक्कं ठाऊक आहे. पण मोटर थांबली असती तर काकांना काय ऐकू आलं असतं?

"संस्कृती, कुठं गेलीस गं?"

मी ओ दिली नाही. काका रेडकाचं सांगत होते, ते उभं कसं राहिलं, पहिल्यांदा कसं पडलं. मी बोट बटणावर तसंच ठेवून ऐकत राहिले, आणि पाणी पायापर्यंत आलं तरी दाबलं नाही.