पूर्वाभिमुख मॉरिस

प्रगतीला एकच दिशा असते आणि ती पुढची असते. बिभीषण शेंडगे सरांनी हे वाक्य भूगोलाचे शिक्षक म्हणून दर जूनमध्ये अकरावीच्या नव्या वर्गाला ऐकवलं, आणि दर जूनमध्ये वर्ग मागच्या दाराने एकेक करून निघून गेला. सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी ठरवलं, की प्रगती आता स्वतःच करून दाखवायची.

त्यासाठी त्यांच्याकडे एक मॉरिस मायनर होती. बार्शीच्या एका डॉक्टरांची. सर सात वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचा कळप बार्शीजवळ उतरला होता, सरांना ताप चढला होता, आणि रस्त्याने चाललेल्या डॉक्टरांनी बापलेकाला आणि एका लंगड्या कोकराला मागच्या सीटवर घालून दवाखान्यात नेलं होतं. कोकरू सीटवर मुतलं तरी डॉक्टर काही बोलले नाहीत. सरांना त्या दिवसापासून ती गाडी म्हणजे मोठं होण्याचं ठिकाण वाटत आलं होतं. डॉक्टरांच्या मुलाने ती विकायला काढली तेव्हा सरांनी ती टेम्पोत घालून जुळे सोलापुरात आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. टेम्पोत घालावी लागली, कारण गाडीत इंजिन नव्हतं. ते डॉक्टरांच्या मुलाने कधीच विहिरीवर नेलं होतं.

गाडी शेडमध्ये तोंड आत करून उभी राहिली. शेडला एकच दार होतं, पूर्वेचं. गाडीचं तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे होतं आणि भिंत वीतभर अंतरावर. हे सगळं भूगोलाच्या शिक्षकाला दिसत होतं. पण दिसणं आणि लक्षात येणं वेगळं.

सरांच्या पत्नी विजयमालाबाईंना शेडमध्ये दुसरंच दिसत होतं. त्यांची शेंगाची चटणी नव्या पेठेतल्या दोन दुकानांत जात होती आणि आता पुण्याहून मागणी येत होती. हाताने कुटून भागेना. चटणी कुटायचं मशीन घ्यायचं म्हटलं तर ठेवायला जागा फक्त शेडमध्ये. त्या श्रावणात एकदा वरण वाढता वाढता म्हणाल्या,

"अहो, त्या शेडचं काय करायचं?"

"शेडचं म्हणजे? शेडमध्ये गाडी आहे की."

"गाडी कुठली? गाडी चालते. हा सांगाडा आहे. उंदरांना बसायला चार सीटा."

"इंजिन बसवणार आहे मी. लाडलेसाबशी बोलणं झालंय. बुलेटचं इंजिन बसतंय म्हणतो."

विजयमालाबाईंनी वरणाचा डाव खाली ठेवला. त्यांचा भाऊ पंधरा वर्षं बुलेट चालवत होता, हे इथे सांगून ठेवायला हवं. त्यांनी थोडा विचार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं. खंडेनवमीपर्यंत वेळ देते. त्या दिवशी ही गाडी स्वतःच्या इंजिनावर, कुणी हात न लावता, शेडच्या बाहेर आली, तर पुन्हा तिच्याबद्दल एक अक्षर काढणार नाही. नाही आली तर दुधनीच्या निंगप्पाला बोलावते. तो भंगार उचलून नेईल."

"एक अक्षर नाही?"

"एक अक्षर नाही."

सर खूश झाले. लग्नानंतर इतकी सोपी अट त्यांना कधी मिळाली नव्हती.

लाडलेसाब हे होटगी रोडवरचे बुलेटचे मिस्त्री. त्यांनी बुलेटची इंजिनं पिठाच्या गिरणीला, उसाच्या रसाच्या गाड्याला आणि एकदा तर जत्रेतल्या पाळण्याला बसवली होती. मॉरिसभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "फिकर नक्को करो सर. पिछे की सीट निकालता, वां इंजिन बिठाता, चेन सीधा पिछे के चाकां कू. गाडी क्या, भिंत बी चलता."

मागची सीट निघाली. निघताना सरांनी तिचा वास घेऊन पाहिला. कोकराचा काही आला नाही.

इंजिन दोनदा बसलं आणि दोनदा उतरलं. एकदा चेन निसटली, एकदा खालची पट्टी तुटली. नवरात्र तोंडावर आलं. विजयमालाबाईंनी वायरमन बोलावून शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक दणकट प्लगपॉइंट करून घेतला. "तुम्हाला उजेड लागेल ना काम करताना," म्हणाल्या. सर त्या मायेने हलून गेले.

त्याच हळव्या मनःस्थितीत त्यांनी शिवयोगी स्वामींना फोन केला. शिवयोगी स्वामी म्हणजे गल्लीतल्या सगळ्या पूजा सांगणारे. सरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसला तरी विचारायला काय जातंय, या तत्त्वावर सोलापुरात बऱ्याच गोष्टी चालतात.

"स्वामी, यंत्र बसवायचंय. दोनदा बसवलं, टिकेना. काही चुकतंय का?"

"यंत्र होय? कोणत्या दिशेला तोंड केलंत?"

"पश्चिमेला."

"मग टिकेल कसं? यंत्र नेहमी पूर्वाभिमुख. खाली लाल वस्त्र घाला. भिंतीला टेकवू नका. आणि रोज एक फूल."

सरांनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवरच्या होकायंत्राने पूर्व ठरवली. ती दाराकडे होती. गेली पंधरा वर्षं ती तिथेच होती, तरी खात्री केलेली बरी.

लाडलेसाबांनी इंजिन उचललं आणि ते थबकले. "गाडी का मूं इधर, इंजिन का मूं उधर? ऐसा कायकू सर?"

"शास्त्र आहे त्यामागे," सर गंभीरपणे म्हणाले.

आता शास्त्र या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, आणि लाडलेसाबांना समोरचा माणूस शिकलेला म्हणून त्यातला कॉलेजातला अर्थ लागला. "हौ, शास्त्र है तो ठीक है," ते म्हणाले. "गिरणी कू तो कैसा बी बिठाव, चलताच." लाल कापडाबद्दल त्यांची काहीच हरकत नव्हती. तेल गळलं तर पुसायला सोय, असं त्यांचं मत पडलं.

या खेपेला इंजिन टिकलं. मागची चाकं जॅकवर उचलून त्यांनी किक मारली. किक मारायला मागच्या दारातून एक पाय आत घालून दुसऱ्यावर नाचावं लागे. इंजिन धडधडलं, गिअर पडला, चाक फिरलं. "फिरतंय!" सर ओरडले. "फिरताय!" लाडलेसाब ओरडले. दोघांनी मिठी मारली. चाक कोणीकडे फिरतंय हे कोणी विचारलं नाही. चाक फिरतं ते गोलच.

खंडेनवमीला सरांचे थोरले बंधू धोंडीराम मंगळवेढ्याकडून आले. ते अजून मेंढरं राखत. लाडलेसाब इस्त्रीचा शर्ट घालून आले. निंगप्पाही आला, कारण विजयमालाबाईंनी त्याला बोलावून ठेवलं होतं. तो कोपऱ्यावर एक टेम्पो उभा करून आला होता आणि टेम्पोवर ताडपत्री होती. भंगारवाला म्हटल्यावर रिकामा टेम्पो ताडपत्रीने कशाला झाकतो, हा प्रश्न सरांच्या मनात आला होता, पण त्या दिवशी त्यांच्या मनात गर्दी होती.

गाडीला झेंडूचे हार घातले. शिवयोगी स्वामींनी कुंकू लावलं, पुढच्या दोन्ही चाकांपुढे लिंबं ठेवली. मग ते इंजिनाला फूल वाहायला मागे वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"सर, हे लाल कापड?"

"तुम्हीच सांगितलंत. यंत्राखाली."

"अहो, मला वाटलं देव्हाऱ्यातलं. तांब्याच्या पत्र्याचं, एवढंसं. हे यंत्र म्हणजे फटफटीचं होय?"

सर काही म्हणायच्या आत धोंडीरामांनी पटक्याचं टोक खोचत विचारलं, "बिभ्या, म्होरं भिंत हाय. भाईर यायला गाडी माघारी घ्यावी लागंल की. फटफटीला माघारचा गिअर असतो व्हय?"

शेडचा पत्रा उन्हाने कटकटला. सरांनी लाडलेसाबांकडे पाहिलं. लाडलेसाबांनी पत्र्याकडे पाहिलं. दोघांनी दोन महिन्यांत या इंजिनाचा एकेक नट ओळखीचा करून घेतला होता, आणि बुलेटला मागे जायचा गिअर नसतो ही गोष्ट दोघांनाही तेव्हापासून ठाऊक होती, जेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं.

सरांनी विजयमालाबाईंकडे पाहिलं. त्या आरतीचं तबक धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भावाची बुलेट स्वच्छ दिसत होती.

"अगं, जरा ढकलून बाहेर काढतो, मग..."

"कुणी हात न लावता, असं ठरलंय."

"भिंतीत जाईल की गं."

"मग नका चालू करू. निंगप्पा, ये रे आत."

सर गाडीत बसले. ज्या गाडीत आपण मोठं होणार असं सातव्या वर्षी वाटलं होतं, तिची सीट बसल्यावर ढुंगणाला टोचते, हे त्यांना तेव्हा कळलं. भंगारात जायचं तर निदान इंजिन चालू असताना जावं. त्यांनी मान हलवली. लाडलेसाबांनी मागच्या दारातून पाय घातला, "या अल्ला" म्हणून किक मारली आणि बाजूला उडी घेतली. सरांनी डोळे मिटले, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागे निघाली.

ती संथपणे, ताठ मानेने, झेंडूचे हार हलवत दारातून बाहेर आली आणि अंगणातल्या उन्हात उभी राहिली. चाकांपुढची दोन्ही लिंबं शेडमध्ये जशीच्या तशी राहिली. सरांनी डोळे उघडले तेव्हा भिंत लांब गेली होती. त्यांनी दुसरा गिअर टाकून पाहिला. गाडी आणखी जोरात मागे गेली.

"उलटा बिठाया तो उलटा चल्या," लाडलेसाब पुटपुटले. "गिरणी रहता तो पट्टे कू आठ का आकडा मारके सीधा करता. चेन कू कैसा मारू?"

"म्हंजी हिला माघारचं चार गिअर," धोंडीराम म्हणाले, "आन म्होरचा येक बी न्हाय?"

"चार!" सर म्हणाले. "मोठमोठ्या गाड्यांना एकच असतो, दादा."

विजयमालाबाईंनी तबक खाली ठेवलं. कबूल केल्याप्रमाणे त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत.

सर आता कोणाचं ऐकणार नव्हते. गाडी त्यांनी तशीच फाटकाबाहेर काढली. लाडलेसाब शेजारी बसले, धोंडीराम गाडीमागे, म्हणजे गाडीच्या पुढे, मेंढरं वळवावीत तसे दोन्ही हात पसरून "येऊ दे, येऊ दे, हुर्र" करत चालले. शाळेच्या मैदानाला त्यांनी उलटा वळसा घातला. लोक गॅलरीत आले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी विचारलं, "सर, घरी काही विसरलं काय?" सरांनी खिडकीतून हात हलवला. मान मागे वळवून वळवून दुखत होती, पण ती जरा सरळ केली, की समोरच्या काचेतून सगळं येताना नव्हे, जाताना दिसत होतं. गेलेल्या जागा मोठ्या दिसत राहतात. बार्शीचा रस्ता त्यांना असाच आठवत होता.

वळसा घालून ते फाटकातून आत आले आणि आता शेपूट आधी घालून गाडी ऐटीत शेडमध्ये सरकवायची, म्हणून त्यांनी मान वळवली.

शेड भरलं होतं. कोपऱ्यावरचा टेम्पो दारात उभा होता, ताडपत्री निघाली होती, आणि निंगप्पा व शिवयोगी स्वामी मिळून चटणी कुटायचं नवं मशीन जागेवर सरकवत होते. "आलोच होतो, म्हणून हात लावला," निंगप्पा म्हणाला. गाडी बाहेर यावी किंवा न यावी, शेड त्या दिवशी रिकामं होणारच होतं. ही गोष्ट अटीतच होती. सरांनी ती फक्त एका बाजूने वाचली होती.

"अगं, गाडी कुठं लावू?"

विजयमालाबाईंनी उत्तर दिलं नाही. शब्द दिला होता. त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली बोट दाखवलं. सरांनी गाडी मागे घेत घेत तिथे नेली. पुढे नेता येण्यासारखी ती नव्हतीच.

शिवयोगी स्वामींनी मशीनला कुंकू लावलं आणि सवयीने दिशा पाहिली. मशीनचं तोंड पश्चिमेला होतं. प्लगपॉइंट तिकडे होता.