मामांचं नाक

"मामा, तुम्हीच सांगा. हा आपल्या तेलाचाच वास आहे ना?"

मॅडमनी कपाटाचं दार उघडलं आणि बाजूला सरकल्या. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा मुलगा हाताची घडी घालून खिडकीशी उभा होता. बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन महिने दवाखान्यात काढून घरी आलेल्या. फुप्फुसं नाजूक झालेली, त्यामुळे डॉक्टरांनी बजावलं होतं की खोलीत रंग नको, पॉलिश नको, प्लायवूड तर नकोच. म्हणून मुलानं सगळं जुनं सामान काढून टाकलं आणि आमच्या मॅडमच्या कारखान्यात कपाट सांगितलं. पाडलेल्या घरांचं लाकूड, वर जवसाचं तेल आणि मेण. बाकी काही नाही. मॅडमचा सगळा धंदाच या शब्दावर चालतो.

"आठ दिवस झाले," बाई म्हणाल्या. "दुपारी मागची भिंत तापली की घशात काहीतरी येऊन बसतं. खोकून खोकून जीव जातो."

"आईला हल्ली सगळ्याचाच वास येतो," मुलगा म्हणाला. "परवा नळाच्या पाण्याला येत होता. नव्या लाकडाला थोडा वास असणारच. आता हे सांगतायत ना, हे म्हणतील ते शेवटचं. मग कुरकुर नाही करायची, आई."

मी वाकलो, नाक आत घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. काही आलं नाही. येणारच नव्हतं. पाच वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही.

आधी पस्तीस वर्षं दुसरीकडे पॉलिशचं काम करताना थिनर आणि मेलामाइन छातीत भरून घेतलं, त्याचं हे फळ. तोंडाला फडकं बांधा म्हणून घरी ही कानीकपाळी ओरडायची, मी ऐकलं नाही. एकदा शेगडीवर दूध करपून काळं झालं आणि मी शेजारीच बसून पेपर वाचत होतो. तेव्हा कळलं. हिनं पातेलं घासलं आणि कुणाला बोलली नाही.

मॅडमना मी फसवलं, असं मात्र नाही. म्हणजे सुरुवातीला तरी नाही. कामाला लागायला गेलो त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. त्यांनी एक फळी पुढे केली, मी रेषा दिसाव्यात म्हणून ती डोळ्यांजवळ नेली, नखानं जराशी खरवडली आणि म्हणालो, "जुना सागवान. दाराची फळी. चपड्याच्या पॉलिशचे दोन हात बसलेत." मॅडम बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, मी वासावरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी कारखानाभर झालं, मामांचं नाक म्हणजे काय चीज आहे! तेव्हाच सांगायला हवं होतं. पण या वयात कुणी आपलं कौतुक केलं की तोंड उघडवत नाही.

मग रिवाजच पडला. तयार वस्तू रात्रभर चादरीखाली झाकायची, सकाळी मी चादर उचलून नाक आत घालायचं आणि म्हणायचं, "जाऊ द्या." की निघाली गाडी. तेल वाळलं की नाही ते मी तळहातानं बघून घेत असे, आणि हातानं आजवर दगा दिला नव्हता. गेल्या वर्षी तर मॅडमनी माहितीपत्रकावर फोटो छापला, फळीला नाक लावलेला मी. ही तो फोटो बघून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"मामा?" मॅडम म्हणाल्या.

"एक मिनिट." मी खालच्या खणात वाकलो. उठलो. वरचा खण बघितला. आतून हात फिरवला, कोरडा ठणठणीत. दार मिटलं, परत उघडलं. बिजागरीला उगाच बोट लावलं. पाय एका जागी ठरेनात. 'हो, तेलाचाच' एवढं म्हटलं की सुटलो असतो. मॅडमचा जीव भांड्यात पडला असता, मुलगा खूश, आणि मी उद्या सकाळी परत चादर उचलायला मोकळा.

"दादा," बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. वास नसेल तर नाही म्हणा. मी मान्य करीन, माझंच डोकं फिरलंय. मग ह्याच्या जिवाला घोर लावणार नाही. पण नीट बघून सांगा."

आयुष्यभर शेकडो पोरांचं खरंखोटं तोंडावरून ओळखलेली बाई, आणि ती मला विचारत होती, मी वेडी आहे का.

"मला सांगता येणार नाही, बाई," मी म्हणालो. "मला वास येत नाही. काहीच येत नाही. पाच वर्षं झाली."

मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मुलगा म्हणाला, "म्हणजे काय? अहो, तुमचा फोटो आहे त्या पत्रकावर!"

"आहे ना. चांगला आलाय," मी म्हणालो. माझं मलाच कळेना, मी असं का बोललो. "बाई, या खोलीत खरं नाक तुमचंच आहे. तुम्ही दारात बसा, लांब. मी एकेक फळी सोडवतो. तुम्ही फक्त मान हलवा."

मुलानं खुर्ची दारात नेऊन आईला बसवलं. मी खिडक्या सताड उघडल्या आणि पेचकस काढला. पहिला खण, दुसरा खण, बाजूची फळी. बाई मान हलवत होत्या, नाही, नाही. पाठीची तिसरी फळी सुटली तशी त्यांनी रुमाल नाकाशी धरला.

"हीच."

मी फळी उलटी केली. भिंतीकडच्या बाजूला जुनी खाच होती. रंध्याचं पातं तिथवर पोचलं नव्हतं. खाचेत काळपट ओघळ, बोटाएवढा. कुणीतरी पूर्वी वाळवीसाठी चोपडलेलं डांबरतेल. मॅडमनी वाकून वास घेतला आणि ठसकत मागे झाल्या. "अहो, हे तर केवढं... मामा!"

मुलानंही वास घेतला. मग आईसमोर जाऊन त्यानं त्यांच्या पायावरची शाल नीट केली.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. एवढंच. पण ताठ बसल्या होत्या.

फळी खांद्यावर घेऊन मी चार जिने उतरलो. टेम्पोत बसल्यावर मॅडमनी विचारलं,

"मग त्या दिवशी फळी ओळखलीत कशी?"

"नखानं. आणि चष्मा नव्हता."

त्यांना हसू आलं की राग, ते मला कळलं नाही. कोपऱ्यावर मला उतरवताना त्या म्हणाल्या, "तिथं एक आजारी माणूस होतं, मामा. मी तुमच्या शब्दावर पाठवलं ते कपाट." मी मान खाली घातली. "नाकासाठी आता मी दुसरं कुणी बघते. तुमचं काय करायचं ते उद्या बोलू. या मात्र."

घरापर्यंतची वाट संपता संपेना. पूर्वी मी गल्लीत वळलो की हिला आतूनच कळायचं. थिनरचा भपकारा पुढे, मी मागे. "कपडे बाहेर काढा," पहिला शब्द हाच. हे नवं काम लागल्यापासून मी मांजरासारखा येऊन उभा राहतो आणि ही दचकते. "वासाशिवाय तुम्ही आलात ते कळतच नाही," असं दहादा बोलून झालंय.

दार उघडंच होतं. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी चपला काढल्या, तेवढ्यात ही न वळताच म्हणाली, "आलात? आज काय डांबरात लोळून आलात की काय? शर्ट बाहेर काढा आधी."

मी उंबऱ्यातच थांबलो. शर्ट काढला. फळी टेकली होती ती खांद्याची बाजू घडी करून नाकाशी धरली आणि जमेल तेवढा मोठा श्वास घेतला.

"काढलात का?" आतून आवाज आला.

"काढतोय," मी म्हणालो आणि आणखी एकदा घेतला.