दोरा बांधलेली कणसं

दिल्लीचे साहेब रेल्वेने येणार म्हणून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शिवपुत्र हत्तुरे झेंडूचा हार घेऊन सोलापूर स्टेशनवर ताटकळत उभे होते, आणि साहेब पुण्याहून सरकारी मोटारीने थेट कॉलेजात पोचून चहासुद्धा प्यायले होते. हे सरांना कळलं ते गाडी येऊन, रिकामी होऊन, पुढे निघून गेल्यावर. स्टेशनमास्तरांच्या फोनवरून कॉलेजात विचारलं तर कारकून म्हणाला, "सर, तुम्ही अजून तिथंच? इथं सगळे प्लॉटवर गेले की!" सरांनी हार सायकलच्या हँडलला अडकवला आणि निघाले. घाई करायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. खरं तर वय तेवढं झालंही नव्हतं, पण वर्षानुवर्षं कमिट्यांपुढे उभा राहणारा माणूस जरा लवकरच पिकतो.

देश स्वतंत्र झाला तेव्हा सर शाळेत होते. मास्तरांनी वर्गात सांगितलं, पोरांनो, आता आपले प्रश्न आपणच सोडवायचे. बाकीची पोरं पेढा खाऊन घरी गेली, यांनी ते मनावर घेतलं. सोलापूरचा प्रश्न म्हणजे पाऊस. तो पडत नाही, आणि पडला तरी नको तेव्हा पडतो. म्हणून सरांनी कॉलेजच्या मागच्या माळावर ज्वारीचा प्लॉट केला. विद्यापीठाने विचारलं, परदेशी ग्रंथांचा आधार काय? ग्रंथ मागवले, तर ते बोटीने येईपर्यंत वर्ष सरलं. अनुदान मागितलं, तर दिल्लीने कळवलं, आधी निष्कर्ष दाखवा. निष्कर्ष काढायलाच पैसे लागतात हे लिहून लिहून सरांची बोटं दुखायला लागली, पण दिल्लीला काही ते पटेना.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सगळा मुलूख करपला, माणसं खडी फोडायला गेली. प्लॉटमधली ज्वारीही उभ्या उभ्या वाळली. पण तिच्यातली मोजकी ताटं, का कोण जाणे, हिरवी राहिली आणि त्यांनी दाणा भरला. पाण्याच्या थेंबाशिवाय! सर त्या ताटांपाशी बसून लहान पोरासारखे रडले होते. ते बी त्यांनी पुढच्या साली पेरलं. बाकीच्या ज्वारीत ते हरवू नये म्हणून दर साली वहीत जागा टिपून पुन्हा पेरलं. यंदाच्या पौषात त्या मूळच्या वाणाची कणसं प्लॉटभर विखुरलेली होती, आणि दिसायला ती बाकीच्यांसारखीच असल्याने सरांनी वहीतल्या जागांवरून ती एकेक हुडकून त्यांना लाल दोरा बांधला होता. दोरा मेहुण्याने टॉवेलच्या कारखान्यातून आणून दिलेला. प्रयोगशाळेत डब्यात राखलेलं जुनं बी पावसाळ्यात किड्यांनी पोखरलं होतं, कारण चांगल्या कपाटाची मागणी मंजूर व्हायची होती. तेव्हा जे काही होतं ते त्या दोऱ्यांखाली होतं. महिनाभरात कणसं पिकली की बी हातात, आणि मग दिल्लीचं तोंड बंद.

प्लॉटच्या कडेला धूर दिसला तेव्हा सरांना वाटलं, कुणीतरी पालापाचोळा पेटवलाय. जवळ जाऊन पाहतात तर हुरड्याची आगटी! सतरंजी अंथरलेली, समोर गोवऱ्यांचा विस्तव, आणि दिल्लीचे डॉ. भटनागर बाह्या सारून, मांडी घालून हुरडा खातायत. शेजारी प्राचार्य अण्णाराव शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवतायत.

"या या, हत्तुरे!" प्राचार्य म्हणाले. "साहेब पौषात सोलापुरात आले आणि हुरडा न खाता गेले, तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील. म्हटलं, प्लॉट तर घरचाच आहे."

सरांना आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणा आला की आगटी पेटायचीच. त्यांच्या आईनेही तेच केलं असतं. कडेची कणसं काढली असतील असं म्हणत ते सायकल लावायला वळले, आणि राखणदार धोंडप्पाच्या पायाशी त्यांना लाल दोऱ्यांचा गुंता दिसला.

धोंडप्पा विस्तवातून कणीस काढून तळहातावर चोळत होता. म्हातारा, पण हात अजून चपळ.

"धोंडप्पा, ही कणसं कुठली?"

"तुमी राखल्याली की, सर! प्राचार्य म्हनले, पाव्हण्यांला चांगली कणसं काड. मी म्हनलं, चांगली तर आमच्या सरांनी दोरा बांदूनच ठिवल्यात. गोफण फिरवून फिरवून खांदा गेला माजा, पर एक दाना पाखराला दिला न्हाय."

"सगळी काढलीत?"

"मग? पाव्हण्यांला हात आकडून कसं वाडायचं?" सरांच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा थबकला. "पाव्हण्यांसाटीच व्हती न्हवं? मग कुणासाटी राखली व्हती?"

घरातलं उत्तम ते पाहुण्यासाठी राखायचं, हे धोंडप्पाच्या हाडीमाशी मुरलेलं. दुसरं कारण त्याला सुचणार कुठून? आणि सरांनी तरी ते कधी सांगितलं होतं? दिल्लीला पानंच्या पानं इंग्रजीतून समजावलं. रोज शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या धोंडप्पाला मात्र नुसतं 'जपा' म्हणाले. त्याने जपलं. सरांना राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो. ते मटकन सतरंजीवर बसले.

धोंडप्पाने गरम हुरडा त्यांच्या हातावर ठेवला. आगटीपाशी बसून नाही म्हणता येत नाही. सरांनी तोंडात टाकला. इतक्या वर्षांत यातला एक दाणा त्यांनी चाखला नव्हता, प्रत्येक दाणा मातीत गेला होता. गोड होता.

"कमाल आहे," डॉ. भटनागर हिंदीत म्हणाले. "हे वाण कोणतं?"

"दुष्काळात टिकलेलं."

"हेच का ते? मग आता विचारायचं काय राहिलं? पाच वर्षांचं अनुदान. मी शिफारस करतो. याच वाणावर काम चालू ठेवा."

प्राचार्यांनी टाळी वाजवली. सर गप्प बसले असते तर कपाट आलं असतं, ग्रंथ आले असते, नावापुढे डॉक्टर लागलं असतं. पाच वर्षं कुणी बघायलाही आलं नसतं. आणि खरं सांगावं, तर प्राचार्यांनी संध्याकाळच्या आत धोंडप्पाला घरी बसवला असता.

"साहेब, ते वाण संपलं," सर म्हणाले. "आत्ता आपण खाल्लं ते शेवटचं, आणि कोवळा दाणा पेरून उगवत नाही. मी राखणीची नीट समज दिली नव्हती. चूक माझी."

साहेब आधी हसले. मग हातातले दाणे त्यांनी हळूच सतरंजीवर ठेवले. प्राचार्य दुसरीकडे बघू लागले.

"मग पुन्हा शोधा," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "पाच वर्षं आहेत. काय लागेल ते मागा. विहीर, अवजारं, माणसं..."

सरांनी माळाकडे पाहिलं. यंदा पाऊस बरा झाला होता. लांबवर जिकडेतिकडे ज्वारी डुलत होती, आणि या ज्वारीत कुठलं ताट चिवट नि कुठलं लेचंपेचं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"दुष्काळ लागेल, साहेब. बहात्तरसारखा. त्याशिवाय ती ताटं ओळखू येत नाहीत."

धोंडप्पा त्या साली खडीच्या कामावर होता. त्याची धाकटी लेक, नागम्मा, तिथेच दगडांच्या ढिगाआड तापाने गेली होती. सरांना ते ठाऊक होतं, आणि तरीही ते बोलून गेले होते.

धोंडप्पाने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"सर," तो म्हणाला, "तसलं मागू नगासा."

"नाही मागत," सर म्हणाले. मग साहेबांकडे वळून त्यांनी सांगितलं, "अनुदान दुसऱ्या कुणाला द्या."