एक्केचाळीसचा खिळा

फळीवर अठ्ठावन्न खिळे आणि सत्तावन्न बिल्ले. औषधवालीने तिसऱ्यांदा बोट फिरवलं. रिकामा खिळा एक्केचाळीसचाच होता.

पळायला निघताना पत्र्याचा बिल्ला काढून गळ्यात घालायचा आणि परत आल्यावर आपल्या खिळ्याला अडकवायचा, ही क्लबची रीत तिनेच पाडली होती. वीस वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यावर माणसाच्या बोलण्यावर ती बेताचाच विश्वास ठेवायची. एक्केचाळीस नंबर मात्र तिच्या थोरल्या दिरांचा. भाऊजी पोस्टातून निवृत्त झालेले, साखरेचे पेशंट. फॉर्मवर ‘आजार’ असा रकाना होता. ‘नऊ किलोमीटर म्हणजे काय गं, तेवढी तर माझी रोजची डाक होती,’ असं म्हणून त्यांनी गळ घातली आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘काही नाही.’ घरी सांगितलं होतं की भाऊजी फक्त पाणी वाटणार आहेत.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, म्हणून साडेसातलाही दिसत होतं. पण झाडांखाली अंधार साचायला लागला होता.

“ताई, वही मिटा आता,” क्लबचा सेक्रेटरी म्हणाला. तो दातांचा डॉक्टर; दुसऱ्याचं दुखणं त्याला नेहमी थोडक्यात आटपायचं असे. “बक्षिसं वाटू. दरवर्षी एक जण बिल्ला खिशात घालून घरी जातोच.”

“सायकल इथे टाकून?”

कुंपणाला टेकलेली भाऊजींची सायकल डॉक्टरने पाहिली आणि बक्षिसांची यादी खाली ठेवली.

तेवढ्यात बेकरीवाला पाठीवर पोतं घेऊन आला. क्लबात त्याला ‘शेपूट’ म्हणत. त्याने सगळ्यांच्या मागून यायचं आणि येता येता झाडांना बांधलेल्या वाटेच्या लाल फिती सोडत यायचं. रानात एकही फीत उरता कामा नये, या अटीवरच परवानगी मिळायची. यंदा तो एकटाच आला होता.

“एक्केचाळीस कुठे आहेत?” औषधवालीने विचारलं.

“काका? ते तर पुढे होते. चढाच्या वळणावर त्यांचा पिवळा शर्ट दिसला, मग दिसला नाही. म्हटलं, आज काकांनी वेग धरला.”

“गुडघ्याला पट्टा बांधून? चढावर?”

बेकरीवाल्याने पोतं खाली ठेवलं.

तिच्या डोक्यात हिशेब लागला. जो शेपटाबरोबर पोचेल त्याला लाकडी कासव मिळायचं आणि ते वर्षभर घरात मांडायचं, हा क्लबचा जुना दंडक. भाऊजींकडे ते सलग दोन वर्षं होतं. जाऊबाई त्याच्या मानेला किल्ल्या अडकवायच्या. तिसऱ्यांदा आणलं तर नाव बदलीन, असं भाऊजी परवाच म्हणाले होते.

“ते पुढे गेलेच नाहीत. तू जाईपर्यंत झाडामागे उभे राहिले.”

“का पण?”

“तुझ्याबरोबर यायला नको म्हणून! आणि तू त्यांच्या पुढच्या सगळ्या फिती काढत आलास.”

बेकरीवाल्याने पोत्याकडे असं पाहिलं, जणू आत साप आहे.

तिने बक्षिसांच्या टेबलावरची सरबताची बाटली उचलली. दोघं रानात शिरले. खाणीपाशी वाट फुटत होती. यंदा उजवीकडून जायचं होतं, कारण डावीकडचा लाकडी पूल मोडला होता. पण तीस वर्षं डाक वाटलेला माणूस रस्ता विचारत नाही, आठवतो. गेल्या वर्षीची वाट डावीकडची होती. औषधवाली डावीकडे वळली.

फोन वाजला. जाऊबाई.

“अगं, अजून आले नाहीत हे. पाणीच वाटतायत ना?”

तिने श्वास घेतला. “नाही. ते पळायला आलेत. फॉर्म मी भरला. आणि आता ते सापडत नाहीयेत.”

मग जाऊबाई म्हणाल्या, “पळायला गेलेत ते ठाऊक आहे मला. बुटांना नव्या नाड्या मीच घातल्या. पण पाचला इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि ग्लुकोजच्या गोळ्या इथे टेबलावर राहिल्यात. म्हणून फोन केला.”

औषधवाली पळत सुटली. पन्नाशीची बाई, पायात दुकानातल्या चपला. पाच ते पावणेआठ. वर चढ. आकडे तिला कधी इतके नकोसे झाले नव्हते.

“भाऊजी!”

ओढ्याचा आवाज तेवढा. बेकरीवाल्याने मोबाइलचा उजेड टाकला. मोडक्या पुलाच्या अलीकडे, काठावर पाय सोडून, पिवळा शर्ट बसला होता. घामाने निथळत. बिल्ला मुठीत.

“पूल कुठे नेला यांनी?” ते म्हणाले. जीभ जड होती. “पत्ता बरोबर आहे. पूल नाही.”

“मागे सरका. प्या हे.”

“नको. गोड आहे.”

“प्या म्हणते ना!”

घरात कोणी त्यांच्यावर असा आवाज चढवला नव्हता. ते मुकाट्याने प्यायले. तिने त्यांचं मनगट धरून ठेवलं. पाच मिनिटं. दहा. हाताचा कंप हळूहळू उतरला आणि भाऊजींनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“चपला घालून पळालीस?”

तेव्हा कुठे तिला रडू आलं, ते तिने खोकल्यात घातलं.

खांदा देत देत परत येताना, मैदान दिसू लागल्यावर, भाऊजी थबकले. “शेपटा, तू हो पुढे.”

“नाव नका काढू, काका. मरेपर्यंत तुमच्या मागेच.”

फळीपाशी जाऊबाई उभ्या होत्या. एका हातात गोळ्या, काखेत कासव. भाऊजींनी बिल्ला खिळ्याला अडकवला आणि मान खाली घालून हात पुढे केला. जाऊबाईंनी आधी गोळ्या दिल्या, मग कासव.

औषधवालीने वहीतला फॉर्म काढला, ‘काही नाही’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘साखर’. खाली आपली सही केली.

जाऊबाई वाकून बघत होत्या. “हट्टही लिही.”

“रकाना लहान आहे, जाऊबाई,” ती म्हणाली आणि वही मिटली.