पोटावरची माती

सेक-लामने नळाखालचा चिखल मूठभर उचलला आणि पिवळ्या जर्सीच्या पोटावर चोळला. थोडा छातीवरही लावला. मग हात धुऊन, इकडेतिकडे बघून, त्याने ती बाकीच्यांच्या घामट जर्सींच्या गाठोड्यात कोंबली. स्टेडियमच्या मागे कोणी नव्हतं. संघ आणखी एक सामना हरला होता आणि सगळे बसमध्ये जाऊन बसले होते.

आशियाई स्पर्धेच्या पात्रता गटात मकाऊचा फुटबॉल संघ पाच सामने खेळला होता आणि पाचही हरला होता. गुणतक्त्यात सगळ्यात खाली नाव, नावापुढे भोपळा. याचं नवल कोणालाच नव्हतं. संघात दोन पोलीस होते, बँकेतला एक कारकून होता, आणि सेक-लाम स्वतः कॅसिनोची बस चालवायचा. तो दुसरा गोलरक्षक. म्हणजे पहिल्याला काही झालं तरच मैदानात उतरायचं. पहिला गोलरक्षक सियो होन याला इतक्या वर्षांत साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

संघाचे कपडे धुवायला यायचे ते सेक-लामच्या आईच्याच, लानताईंच्या लाँड्रीत. त्याची पहिल्यांदा निवड झाली तेव्हा लानताईंनी गल्लीभर बदामाची बिस्किटं वाटली होती. सामना झाला, गाठोडं सोडलं, तर लेकाची जर्सी इस्त्रीच्या घडीसकट परत आलेली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बघितली आणि बाजूला ठेवली. ते बाजूला ठेवणं सेक-लामच्या फार जिव्हारी लागलं. पुढच्या सामन्याला त्याने नळ शोधून ठेवला.

पकडलं जायची भीती नव्हती, कारण लानताई सामना बघतच नसत. आपण बघायला बसलो की आपला संघ हरतो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या बघत नव्हत्या तरी संघ हरायचा, ही गोष्ट वेगळी.

"खेळला का पोरगा?" समोरचा बिस्किटवाला वोंग दर वेळी दुकानातून ओरडून विचारायचा.

"खेळला की! ही माती बघ," म्हणत लानताई जर्सी वर धरायच्या आणि पोटावरचा डाग ब्रशने खसाखसा घासायच्या.

शेवटच्या सामन्याच्या आधी प्रशिक्षक यॉन्ग सरांनी सेक-लामला बाजूला घेतलं. सर बोलायला कंजूष.

"यानंतर तू थांबणार म्हणतोस?"

"गुडघे थांबा म्हणतायत, सर."

"मग शेवटची दहा मिनिटं तुझी. आपण तसेही बाहेर आहोत. दोन गोल जास्त खाल्ले तर काय आभाळ कोसळत नाही."

त्या रात्री सेक-लामला धड झोप लागली नाही. दहा मिनिटं. एकदाच खरीखुरी माती लागलेली जर्सी आईच्या हातात द्यायची, मग बस आहे आणि आपण आहोत.

सामन्याच्या दिवशी मात्र भलतंच झालं. पाहुण्या संघाला पुढच्या फेरीत जायला विजय हवाच होता, आणि त्यांना गोल सापडेना. होनच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे, प्रत्येक चेंडू त्याच्या हातात येऊन बसत होता. मध्यंतराला शून्य-शून्य. तासाभराच्या खेळानंतरही शून्य-शून्य. एरवी जांभया देणारे प्रेक्षक उभे राहिले होते. सामना असाच संपला असता तर बरोबरीचा एक गुण मिळून नावापुढचा भोपळा पुसला जाणार होता.

दहा मिनिटं उरली तेव्हा सरांनी सेक-लामकडे बघून मान हलवली. त्याने हातमोजे चढवले, रेषेबाहेर धावत चार फेऱ्या मारल्या. घाम लगेच फुटला. तेवढ्यात पलीकडे बचावफळीतला आ-पांग मटकन खाली बसला. पायात गोळा आला होता. उठला, पण लंगडायला लागला. पाहुण्यांनी ते हेरलं आणि चेंडू त्याच्याच बाजूने यायला लागला.

आता एकच बदली खेळाडू उतरवता येणार होता. सरांनी आ-पांगकडे बघितलं, मग सेक-लामकडे.

सेक-लामने हातमोजे काढले.

"सर, आ-पांगला बाहेर घ्या. बाकावरच्या चिओला पाठवा."

"मी शब्द दिला होता तुला."

"मी कुठे ऐकलाय? जा रे चिओ, पळ!"

उरलेला वेळ तो रेषेवर उभा राहून होनला ओरडून सांगत होता: डावीकडे, मागे बघ, सोडू नकोस. घसा बसला. शिट्टी वाजली तेव्हा लोक मैदानात धावत आले. एक गुण मिळाला म्हणून दोन पोलिसांतला एक कारकुनाच्या गळ्यात पडून रडत होता. सेक-लामही हसला, होनला त्याने उचलून धरलं. आतून मात्र त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं.

स्टेडियमच्या मागे तो नळापाशी थांबला. चिखल होताच. जर्सी हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला. मग चेहऱ्यावर पाणी मारलं आणि गाठोडं उचलून चालू लागला.

लानताई लाँड्रीत पेजेचं भांडं उतरवत होत्या. अंगावर देवळात जायचा चांगला सदरा होता. सेक-लामने गाठोडं सोडलं, पिवळी जर्सी स्वतःच वर काढली.

"आई, आज मी खेळलो नाही."

"माहितीये."

"याआधीही कधी..."

"तेही माहितीये. गोलरक्षक पडला की कोपर मळतं रे. तुझं मेलं दर वेळी पोटच."

सेक-लामने जर्सी खाली घेतली.

"मग वोंगकाकांना का सांगायचीस?"

"तू एवढा चिखल चोळून आणायचास. वाया कसा घालवू?" त्यांनी पेज वाटीत ओतली. "हातमोजे घातलेस आणि परत काढलेस. मी वरच्या रांगेत होते."

"तू? आणि तो अपशकुन?"

"लागला ना. नाहीतर जिंकला असतात."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने जर्सी घडी करून बाजूला ठेवायला घेतली.

"ही राहू दे, आई. स्वच्छच आहे."

लानताईंनी ती त्याच्या हातून ओढून घेतली, काखेत वास घेऊन बघितला आणि नाक मुरडलं.

"स्वच्छ म्हणे! घामाने थबथबलीय."

सकाळी त्यांनी खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घातले. एरवी सेक-लामची जर्सी सगळ्यांच्या मागे असायची. आज ती गल्लीकडच्या टोकाला, पहिली होती. समोर वोंग दुकानाची फळी काढत होता. त्याने वर बघितलं.

"काय लानताई, खेळला का पोरगा?"

लानताईंनी चिमटा लावला, बाही सरळ केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"नाही खेळला!"